जुलैमधली नॉन-लीग मैदानं: सराव सामन्यांना जायचं तर काय बघायचं?

हॅरोकर

मंडळी, मुक्काम लंडनमधल्या हॅरोला आहे. जुलैचे चार शनिवार आणि तीन मंगळवारच्या संध्याकाळी मोकळ्या आहेत. मोठ्या स्टेडियमची तिकिटं नकोत. कठड्याला टेकून, खेळाडूंचं एकमेकांना ओरडणं ऐकू येईल इतक्या जवळून फुटबॉल बघायचा आहे, आणि त्याहून जास्त ती छोटी मैदानं बघायची आहेत. जुलैत लीग सुरू नसते, पण हंगामापूर्वीचे सराव सामने जागोजागी असतात असं कळलं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सामना खरंच होणार आहे हे पक्कं कुठे कळतं? हॅरोहून ये-जा करता येईल अशी कुठली मैदानं निवडावीत? आणि सराव सामन्याला गेलेलं मैदान 'पाहिलं' म्हणून मोजतात का? नियमित जाणाऱ्यांमध्ये यावरून वाद आहे असं दिसतंय.

तिसरा_पंच

आधी पायऱ्यांचा घोळ मिटवू. इंग्लंडच्या वरच्या चार लीगमध्ये मिळून ९२ क्लब आहेत. त्यांच्या खालचं सगळं म्हणजे नॉन-लीग. त्यात 'स्टेप १' म्हणजे नॅशनल लीग, एकूण उतरंडीतली पाचवी पायरी. स्टेप २ म्हणजे नॅशनल लीग नॉर्थ आणि साऊथ. स्टेप ३ आणि ४ मध्ये इस्थमियन, सदर्न आणि नॉर्दर्न प्रीमियर या लीग येतात, आणि स्टेप ५ पासून प्रादेशिक लीग सुरू होतात. त्यामुळे कुणी 'स्टेप ५' म्हणालं की ती नववी पायरी समजायची. तुम्हाला हवा तसा अनुभव स्टेप ३ ते ५ मध्ये सर्वात चांगला मिळतो.

आता वेळापत्रक कसं वाचायचं. समोरच्या मोठ्या क्लबच्या नावापुढे काय लिहिलंय ते नीट बघा. नुसतं नाव असेल तर पहिला संघ येण्याची शक्यता असते. नावापुढे 'इलेव्हन' असेल तर मिश्र संघ धरून चाला, त्यात एखाद-दुसरा ओळखीचा चेहरा आणि बाकी अकादमीची मुलं. 'अंडर-२१' किंवा 'अंडर-१८' असेल तर तेवढंच. 'बिहाइंड क्लोज्ड डोअर्स' लिहिलेलं असेल तर प्रेक्षकांना प्रवेशच नाही. हे शब्द बऱ्याचदा यादीत सर्वात बारीक अक्षरात असतात.

सामना रद्द होण्याची कारणं हंगामातल्यापेक्षा वेगळी असतात. पाऊस क्वचितच आडवा येतो. पाहुण्या संघाची माणसं सुट्टीवर असतात, हिरवळ तयार नसते, किंवा एकाच दिवशी दोन सामने ठरतात आणि संघ अर्धा-अर्धा वाटला जातो. म्हणून क्लबच्या संकेतस्थळावरच्या यादीवर थांबू नका. यादी जूनमध्ये टाकलेली असते आणि पुढे कुणी हात लावत नाही. ताजी खबर क्लबच्या एक्स किंवा फेसबुक पानावर असते. आदल्या संध्याकाळी एकदा बघायचं आणि सामन्याच्या दिवशी सकाळी परत एकदा. सामने बहुधा शनिवारी दुपारी ३ ला आणि मधल्या वारी संध्याकाळी ७.३० किंवा ७.४५ ला असतात, पण सराव सामने कधी दुपारी १ ला किंवा संध्याकाळी ७ लाही ठेवतात.

रेल्वेवेडा

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी: क्लबच्या नावावरून मैदान शोधू नका. तुमच्या शेजारचंच उदाहरण घ्या. वील्डस्टोन हा मूळचा हॅरोचा क्लब, पण १९९१ मध्ये त्यांचं लोअर मीड मैदान गेलं. आता ते रायस्लिपच्या ग्रोव्हनर व्हेलवर खेळतात. हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशनवर उतरणारा माणूस कितीही चालला तरी मैदानावर पोचणार नाही. तुम्ही हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाइनची अक्सब्रिजकडे जाणारी गाडी पकडा, बदल न करता रायस्लिपला पोचाल. हेंडनचंही तसंच. ते किंग्जबरीच्या सिल्व्हर ज्युबिली पार्कवर खेळतात. वेम्ब्ली पार्कला ज्युबिली लाइन पकडून किंग्जबरी, पुढे बस.

डलिच हॅम्लेटचं चॅम्पियन हिल ईस्ट डलिच स्टेशनला अगदी लागून आहे. बेकर स्ट्रीटहून ज्युबिली लाइननं लंडन ब्रिज, तिथून सदर्न या रेल्वे कंपनीची गाडी. कॉरिंथियन-कॅज्युअल्ससाठी वॉटर्लूहून चेसिंग्टन फाट्याची गाडी घेऊन टॉलवर्थ. ही सगळी स्टेशनं लंडनच्या भाड्याच्या झोनमध्ये आहेत, त्यामुळे बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. लंडनबाहेरच्या लुइस गावाला जायचं तर व्हिक्टोरियाहून ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून चालणारं) परतीचं तिकीट वेगळं काढावं लागेल, तिथे कार्ड टॅप करून भागणार नाही.

मंगळवारी ७.४५ चा सामना ९.३५ च्या आसपास संपतो. टॉलवर्थच्या फाट्यावर गाड्या अर्ध्या तासाने असतात, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, ती शुक्रवारी तपासा.

गवत_आणि_माती

हिरवळीचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, कारण जुलैत मैदान बघण्याची खरी मजा तिथेच आहे.

मे महिन्यात शेवटचा सामना झाला की नैसर्गिक हिरवळीची डागडुजी सुरू होते. आधी वरचा मेलेल्या गवताचा थर खरवडून काढतात. मग ६० ते ८० टन वाळू पसरतात आणि ती छिद्रांमध्ये झाडून बसवतात. त्यावर रायग्रासचं बी. पूर्ण मैदानाला २० किलोच्या १२ ते १४ गोण्या लागतात. जमीन उबदार आणि ओली असेल तर आठवड्या-दहा दिवसांत कोंब दिसतात, पण बूट सहन करण्याइतकी मुळं धरायला ८ ते १० आठवडे लागतात. मेच्या मध्यापासून मोजा, म्हणजे जुलैचा दुसरा पंधरवडा उजाडतो. घरच्या मैदानावरचे सामने जुलैच्या उत्तरार्धात का गोळा होतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत क्लब बाहेरच का खेळत फिरतात, याचं उत्तर हेच.

मैदानावर गेलात की खेळ सुरू व्हायच्या आधी कोपऱ्याच्या झेंड्यापाशी कठड्याबाहेर खाली बसा आणि नजर गवताच्या पातळीला आणा. यंत्राने पेरलेल्या बियांच्या सरळ ओळी दिसतील, पाभरीनं पेरलेल्या शेतासारख्या, फक्त दोन ओळींत तीन-चार सेंटिमीटरचंच अंतर. कोवळं गवत जास्त पोपटी असतं आणि जुनं काळपट हिरवं. गोलसमोरचा चौकोन वेगळ्या रंगाचा दिसला तर तिथे तयार हिरवळीचे गालिचे आणून टाकलेत असं समजा. त्यांच्या कडा उचललेल्या दिसल्या तर गोलरक्षक सराव करताना तिथे सारखा बुटाने दाबत असतो, तेही दिसेल.

कोरडा उन्हाळा असला की उलटं घडतं. पाणी तोडलं जातं, पाइपने पाणी घालायला बंदी येते, माती विटेसारखी होते आणि चेंडू गुडघ्याऐवजी छातीपर्यंत उसळतो. अशा सामन्यात लांब पास सगळे बाहेर जातात. त्यावरून संघाची पारख करू नये.

नव्वद_मिनिटं

तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट आहे. सराव सामना मोजू नये. मैदान म्हणजे नुसतं गवत आणि पत्र्याचं छप्पर नव्हे. गुणांसाठी खेळणारे दोन संघ, यजमानांची गर्दी आणि हरण्याची भीती हे सगळं मिळून मैदान होतं. ६० व्या मिनिटाला अकराच्या अकरा खेळाडू बदलले जातात, बाहेर गेलेला खेळाडू परत आत येतो, मध्येच पाणी प्यायला खेळ थांबतो. कधी तर ३०-३० मिनिटांचे तीन भाग खेळतात. त्याला सामना तरी कसं म्हणायचं? फेरी मारून या, आनंद घ्या, पण वहीत खूण खऱ्या सामन्यालाच करा.

चिप्सवाली

@नव्वद_मिनिटं, असहमत. तुमची वही तुमची, पण मैदान 'दिसतं' ते सराव सामन्यातच. हंगामात सगळं लक्ष चेंडूवर असतं. जुलैत स्वयंसेवक कठड्याला रंग देत असतात, चहाच्या खिडकीत नवा दरपत्रक चिकटवलेला असतो, सेक्रेटरी स्वतः फाटकावर बसलेला असतो आणि विचारलं की मैदानाचा इतिहास सांगतो. मध्यंतरात चारही बाजूंनी चक्कर मारता येते.

आता खाण्याचं, कारण शाकाहारी लोक ते विचारतीलच. चिप्स आणि चीझी चिप्स बहुतेक ठिकाणी मिळतात, पण कशात तळतात ते विचारा, काही जागी, विशेषतः उत्तरेकडे, गोमांसाची चरबी वापरतात. चीज-अँड-अनियन पेस्टी (चीज-कांदा भरलेली, करंजीसारखी भाजलेली) दिसली तर लगेच घ्या, त्या मोजक्याच आणतात आणि मध्यंतराला संपतात. 'बोव्हरिल' म्हणून कपात गरम काळं पेय मिळतं, तो गोमांसाचा अर्क आहे. चहा समजून घेऊ नका. आणि सराव सामन्याला चहाची खिडकी बंदही असू शकते, तेव्हा डबा जवळ ठेवलेला बरा. छोट्या क्लबात डब्याला सहसा कुणी हरकत घेत नाही.

ज्यांना काळजी न करता सगळंच खायचं आहे त्यांनी कधीतरी नेल्सवर्थला फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सकडे जावं. तिथे २०१५ पासून मैदानावर फक्त व्हेगन जेवण मिळतं. लंडनहून मात्र पूर्ण दिवसाचा बेत आहे.

शाहू_मैदान

कोल्हापूरच्या माणसाला इथे एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे समर्थक आपापल्या जागा धरून बसतात. इथे स्टेप ३ च्या खाली बहुधा वेगवेगळे विभागच नसतात. मध्यंतराला संघांनी बाजू बदलल्या की दोन्हीकडचे समर्थकही चालत जाऊन गोल बदलतात, आपला संघ ज्या गोलवर चाल करणार त्याच्या मागे उभे राहायला. वाटेत एकमेकांना भेटतात आणि पुढे जातात.

तिसरा_पंच

बिअरचा नियम कुणी लिहिला नाही, तो लिहितो. १९८५ च्या कायद्यानुसार ठरावीक सामन्यांत मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. हा नियम वरच्या चार लीगना आणि स्टेप १ ला लागू होतो. स्टेप २ पासून खाली कठड्याला टेकून ग्लास हातात धरता येतो. गोम अशी की दोन संघांपैकी एक जरी वरच्या लीगचा असला तरी नियम लागू होतो. म्हणजे स्टेप ३ च्या मैदानावर एरवी चालतं, पण जुलैत लीगचा पाहुणा संघ आला की त्या दिवशी ग्लास बारमध्येच ठेवायचा. दारावर उभे राहणारे स्वयंसेवक असतात, त्यांच्याशी वाद घालू नका. परवाना त्यांच्या क्लबचा पणाला लागतो.

आणि @नव्वद_मिनिटं, सराव सामन्यात बदली खेळाडूंची संख्या दोन्ही संघांनी ठरवून पंचांना आधी कळवायची असते. तेवढं केलं की ते खेळाच्या नियमांत बसतं.

जुनी_पानं

अवांतर होईल, पण या मैदानांशी आपला संबंध आहे म्हणून लिहितो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे सामने हौशी क्लबांच्या मैदानांवरही झाले. ३१ जुलै १९४८ ला भारत फ्रान्सशी खेळला तो इल्फर्डमध्ये. तालीमेरेन आओ कर्णधार, बहुतेक खेळाडू अनवाणी. सारंगपाणी रामनने बरोबरी साधली, दोन पेनल्टी हुकल्या आणि शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने २-१ ने सामना घेतला. त्याच स्पर्धेत दक्षिण कोरियाने मेक्सिकोला ५-३ ने हरवलं ते चॅम्पियन हिलवर. सध्याचा स्टँड १९९२ चा आहे, पण जागा तीच.

दुसरं म्हणजे इस्लिंग्टन कॉरिंथियन्स. लंडनचा हा हौशी क्लब १९३७-३८ मध्ये जगाच्या दौऱ्यावर निघाला, भारतभर खेळला आणि ढाक्यात १-० ने हरला. तो क्लब आता नाही. टॉलवर्थचा कॉरिंथियन-कॅज्युअल्स वेगळा, १९३९ मध्ये दोन क्लब मिळून झालेला. त्यातल्या मूळ कॉरिंथियनने १९१० मध्ये ब्राझीलचा दौरा केला आणि त्यांच्यावरून साओ पावलोच्या कॉरिंथियान्सने नाव घेतलं. चॉकलेटी आणि गुलाबी रंगाचे शर्ट बघायला तरी टॉलवर्थला जा.

कधी उत्तरेला गेलात तर बरीचं गिग लेन. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये बरीकडून खेळायला आला तेव्हा बरी हा वरच्या चार लीगमधला क्लब होता. २०१९ मध्ये बरीला लीगमधून काढलं आणि आज त्या मोठ्या मैदानावर नॉन-लीग फुटबॉल खेळला जातो.

पुणे_३०

शेफिल्ड राहिलं की! हॅलम क्लबचं सँडीगेट, १८६० पासूनचं, जगातलं सर्वात जुनं फुटबॉल मैदान. मैदानाला उतार इतका आहे की उभं राहिल्यावर डोळ्यांनाच कळतो.

गवत_आणि_माती

@पुणे_३०, सँडीगेट बघायलाच हवं. उताराच्या मैदानावर नाणेफेक जिंकणारा कर्णधार बरेचदा पहिल्या अर्धात चढावर खेळणं पत्करतो, म्हणजे पाय थकल्यावर उतार आपल्या बाजूने. सराव सामन्यात मात्र दुसऱ्या अर्धात सगळा संघच बदललेला असतो, त्यामुळे तो हिशोब तिथे चालत नाही. त्याऐवजी कॉर्नर बघा. उताराच्या दिशेने वळणारा चेंडू गोलरक्षकाच्या हाताबाहेर कसा जातो ते एका कॉर्नरमध्ये समजतं.

अजून एक सूचना. क्रिकेट मैदानाला लागून असलेली मैदानं, उदाहरणार्थ मॅटलॉकचं कॉजवे लेन, ठरवण्याआधी त्या दिवशी क्रिकेटचा सामना नाही ना ते बघा. जुलैत इंग्लंडमध्ये पहिला मान क्रिकेटचा.

हॅरोकर

सगळ्यांचे आभार, इतकी माहिती अपेक्षित नव्हती. दोन उपप्रश्न. संघाच्या यादीत 'ट्रायलिस्ट' लिहिलेले तीन-तीन खेळाडू दिसतात ते काय? आणि फोटो काढायला कुठे उभं राहावं?

तिसरा_पंच

ट्रायलिस्ट म्हणजे चाचणीवर आलेला, अजून करार न झालेला खेळाडू. दुसऱ्या क्लबांना सुगावा लागू नये म्हणून नाव देत नाहीत. 'ट्रायलिस्ट ए', 'ट्रायलिस्ट बी' असंच छापतात, गोल केला तरी वृत्तात तेच नाव. छापील कार्यक्रमपत्रिका सराव सामन्याला बहुधा नसते. संघाची एक पानी यादी क्लबहाउसच्या दारात किंवा बारवर ठेवतात, खेळ सुरू व्हायच्या २०-३० मिनिटं आधी. शर्टाचे क्रमांक त्या यादीशी जुळतीलच असं नाही. प्रवेश साधारण पाच ते दहा पौंड, काही ठिकाणी डबीत ऐच्छिक रक्कम. थोडी रोकड असू द्या, लॉटरीची तिकिटं विकणारे कार्ड घेत नाहीत.

रेल्वेवेडा

फोटोसाठी सूर्याचा हिशोब सोपा आहे. जुलैच्या सुरुवातीला लंडनमध्ये सूर्य ९.२० च्या सुमारास मावळतो, शेवटी ८.५० ला. संध्याकाळच्या सामन्यात पश्चिमेच्या बाजूला, सूर्याकडे पाठ करून उभे राहा. पुष्कळ जुने स्टँड त्यासाठीच पश्चिमेला बांधलेले आहेत. कृत्रिम हिरवळीच्या मैदानांभोवती जाळी असेल तर लेन्स जाळीला टेकवून कॅमेऱ्याचं ॲपर्चर मोठं ठेवा, तारा फोटोत दिसत नाहीत.

हॅरोकर

असा बेत केलाय: पहिला शनिवार चॅम्पियन हिल, मंगळवारी रायस्लिप. दुसरा शनिवार लुइस, मंगळवारी टॉलवर्थ. तिसरा शनिवार आणि मंगळवार मोकळे, शेवटच्या शनिवारी सिल्व्हर ज्युबिली पार्क.

गवत_आणि_माती

मैदानं छान निवडली आहेत, क्रम उलटा करा. सिल्व्हर ज्युबिली पार्कला कृत्रिम हिरवळ आहे, तिथे पहिल्या आठवड्यातही खेळता येतं. त्याने सुरुवात करा. उन्हाच्या दिवशी अशा मैदानाचा पृष्ठभाग चांगलाच तापतो आणि भरावातले रबराचे काळे कण बुटांत येतात, कठड्याबाहेर राहिलात तरी. चॅम्पियन हिल आणि लुइसचं ड्रिपिंग पॅन ही गवताची मैदानं, ती तिसऱ्या-चौथ्या शनिवारी ठेवा. पॅनला गवताच्या बांधावर बसायला मिळतं, वरून सगळं मैदान दिसतं. स्टेशनपासून पाच मिनिटं.

तिसरा_पंच

रायस्लिपचा वील्डस्टोन स्टेप १ ला असेल तर तिथे ग्लास बाहेर नेता येणार नाही, बाकी काही अडचण नाही. आणि जुलै संपला म्हणून थांबू नका. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारच्या आसपास एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेची एक्स्ट्रा प्रिलिमिनरी फेरी असते. बरेचसे स्टेप ५ चे क्लब खेळतात, खरे चुरशीचे सामने. २०२४-२५ मध्ये या फेरीत जिंकणाऱ्याला १,१२५ पौंड होते, छोट्या क्लबला ते मोठे असतात. स्टेप ५ च्या लीग सामन्यांत पंचांशी हुज्जत घातली तर खेळाडूला १० मिनिटं बाहेर बसावं लागतं.

नव्वद_मिनिटं

त्या सामन्याची खूण वहीत करायला माझी काहीच हरकत नाही. @चिप्सवाली, मध्यंतरातली चक्कर मात्र पटली. हॅरोकर, ती चक्कर खेळ सुरू व्हायच्या आधी मारा, मध्यंतराला पेस्टीची रांग असते.

हॅरोकर

क्रम बदलला: हेंडन, रायस्लिप, टॉलवर्थ, मग लुइस, शेवटी चॅम्पियन हिल, आणि ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी एफए कप. प्रत्येक सामन्याच्या सकाळी ११ वाजता क्लबचं पान बघायचं असं फोनवर लावून ठेवलंय.